अर्ध्या गुणाचा चौकोन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात तिसरीत आहे, पेठेतल्याच एका मराठी शाळेत. गेल्या आठवड्यात तिच्या गणिताच्या चाचणीचा पेपर घरी आला. एका प्रश्नात चार आकृत्या छापलेल्या आणि पुढे 'नाव लिहा'. त्रिकोण, वर्तुळ, आयत बरोबर. चौथ्या आकृतीच्या चारही बाजू सारख्या होत्या. तिथे तिने 'चौकोन' लिहिलं. त्यावर लाल फुली, अर्धा गुण गेला आणि शेजारी बाईंच्या अक्षरात 'चौरस'.

अर्ध्या गुणासाठी संपादकांना पत्र लिहिणारा म्हातारा पुण्यातच सापडायचा, हे मान्य. पण मी चाळीस वर्षं तसबिरींना फ्रेमा करून दिल्या. चौकोनावरच पोट भरलं, त्यामुळे राहवत नाही.

पोरीचं उत्तर चूक नाही. चार बाजूंनी बंद झालेली आकृती म्हणजे चौकोन, आणि चौरस त्यातलाच एक. हीच मुलगी आठवी-नववीत गेली की पुस्तक तिला सांगणार, की प्रत्येक चौरस हा आयतही असतो, समभुज चौकोनही असतो आणि समांतरभुज चौकोनही असतो. म्हणजे तिने 'आयत' लिहिलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. (हे बाईंना आत्ताच सांगायला नको.) बाईंना नेमकं नाव हवं होतं, तर प्रश्नात 'नेमकं नाव लिहा' एवढं घालायचं. एक शब्द वाढला असता.

पण खरा घोळ शब्दातच आहे. तिचा आतेभाऊ इंग्रजी माध्यमात शिकतो, त्याला ही अडचण आली नाही. त्याला 'स्क्वेअर' आणि 'रेक्टँगल' बालवाडीतच मिळाले. 'क्वाड्रिलॅटरल' घरात कुणी उच्चारत नाही, तो शाळेतच भेटतो आणि शाळेतच राहतो. आपला चौकोन मात्र मूल बोलायला लागल्यापासून घरात वावरत असतो. चौकोनी डबा, चौकोनी रुमाल, आईबाप आणि दोन पोरं असं चौकोनी कुटुंब. नंतर तोच शब्द उचलून आपण त्याला शाळेत वेगळ्या कामाला लावलं.

घरातला चौकोन कसा असतो ते दिवाळीत बघावं. शंकरपाळ्याला चार बाजू असतात, चार कोन असतात. पुस्तकाप्रमाणे तो चांगला समभुज चौकोन. पण कुठल्या घरात कुणी 'चौकोनी शंकरपाळी' म्हणतं? उलट काजूकतली बघून आपण म्हणतो, शंकरपाळ्यासारखी कापली आहे. घरच्या चौकोनाचे कोपरे सरळ लागतात, बाजू कमीजास्त चालतात. पुस्तकातल्या चौकोनाला कोपरे कसेही चालतात. पत्त्यातली चौकट मात्र टोकावर उभी राहूनही चौकटच म्हणवते. हा मान तिला कुणी दिला कोण जाणे.

दुकानात तिसरीच तऱ्हा. गिऱ्हाईक 'चौकोनी फ्रेम' म्हणायचं तेव्हा त्याला एवढंच सांगायचं असायचं, की लंबगोल नको. मग मी विचारायचो, उभी, आडवी की चौरस? हे विचारायला मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एकाने घाईत ऑर्डर दिली, 'अठरा इंची, चौकोनी.' मी अठरा बाय अठरा करून ठेवली. फोटो निघाला अठरा बाय बारा. पट्टी माझी गेली, काच माझी गेली, वर 'चौकोनी म्हटलं होतं, चौरस नाही' हेही ऐकून घेतलं. तो बरोबर होता. चौकोन म्हणजे काय, हे शेजारी दुसरा कुठला शब्द उभा आहे यावर ठरतं. माझ्या दुकानात शेजारी गोल होता, आठवीच्या पुस्तकात पंचकोन असतो आणि नातीच्या पेपरात नेमका आयत होता.

गंमत म्हणजे ज्या 'चौरस'साठी फुली मिळाली तोही मुळात चौकोनच. तो आला संस्कृत 'चतुरस्र'वरून, आणि अस्र म्हणजे कोपरा. शुल्बसूत्रांत, म्हणजे जुन्या वैदिक ग्रंथांत, यज्ञाच्या वेदीची मापं आहेत, तिथे चौरसाला 'समचतुरस्र' आणि आयताला 'दीर्घचतुरस्र' म्हटलं आहे. चतुरस्र दोघंही, फरक काय तो पुढच्या विशेषणात. मराठीत येताना ते विशेषण गळलं आणि 'सम'चा मान एकट्या चौरसाने ठेवून घेतला. तरी पूर्ण नाहीच. गच्चीचा तिकोनी तुकडासुद्धा बिल्डर चौरस फुटांतच मोजून विकतो, आणि चौरस आहाराला तर आकारच नाही. गुंठा तेवढा प्रामाणिक: तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट.

चौकाबद्दल तर बोलायलाच नको. अलका टॉकीजच्या चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल एवढे सगळे येऊन मिळतात, तरी तो चौक. कोल्हापूरकर निदान मोजून नाव देतात. तीन रस्ते मिळाले की तिकटी.

आता आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो, कारण तिथे चौकोन आणि चौरस यांतला फरक हाताला लागतो. चार पट्ट्या अचूक कापल्या, चारही सारख्या, म्हणून फ्रेम चौरस झाली असं नाही. ठोकताना ती सरकते. डोळ्याला कळत नाही, पण काच बसवायला गेलं की एका कोपऱ्यात अडते आणि समोरच्या कोपऱ्यात फट दिसते. सुताराच्या भाषेत, ती गुण्यात नसते. गुण्या लहान पडतो अशा मोठ्या फ्रेमला आम्ही दोरी लावतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर गुण्यात. एक जरी सूतभर जास्त आलं तरी लांब पडणाऱ्या कोपऱ्यावर हलकीशी थाप द्यायची आणि परत मोजायचं.

माझं हे दोरीचं काम बघून गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक, माझं जुनं गिऱ्हाईक, दुकानातच हसायला लागले. म्हणाले, हे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सांगून ठेवलं आहे. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा. ग्रंथ ११५०चा. त्या दिवसापासून फोनवर नुसत्या बाजू सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

पेपर आला त्या संध्याकाळी मी उरलेल्या चार सारख्या पट्ट्या काढल्या, प्रत्येक कोपऱ्यात एकेकच चुका ठोकला आणि ते नातीच्या हातात दिलं. तिने ढकललं. शंकरपाळं झालं. आणखी ढकललं, चपटं झालं, शेवटी चारही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. परत सरळ केलं. 'आजोबा, चौकोन तर सारखाच आहे, चौरस मात्र मध्येच येतो आणि जातो,' असं म्हणाली आणि तासभर त्याच्याशीच खेळत बसली.

पेपरवर पालकांची सही हवी होती. मुलगा फिरतीवर, म्हणून ती मी केली. सहीखाली दोन ओळी लिहिणार होतो, पण सूनबाईने पेन काढून घेतलं. 'बाबा, शाळेत काही लिहू नका, हवं तर पेपरात लिहा,' म्हणाली. म्हणून हे पत्र.

कळावे,
एक जुना फ्रेमवाला,
नारायण पेठ, पुणे ३०