न गाठलेल्या चेंडूचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकी बेसबॉलबद्दल वाचायला मिळालं, आनंद वाटला. मात्र त्यात शॉर्टस्टॉपचं (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या खेळाडूचं) क्षेत्ररक्षण 'सर्वांत कमी चुका' या एकाच फूटपट्टीने मोजलं आहे. ते वाचून गप्प बसवेना.

बेसबॉलमध्ये 'एरर' कधी लागते? साधारण प्रयत्नात जमायला हवं होतं ते जमलं नाही, असं अधिकृत गुणलेखकाचं मत झालं तर. म्हणजे जीव तोडून धावला, चेंडूपर्यंत पोहोचला आणि तो हातून निसटला, तर चूक नावावर चढण्याची भीती. जो दोन पावलं कमी पडला त्याच्या बाजूने चेंडू निघून जातो, फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचून त्याला 'हिट' मिळते आणि याची पाटी कोरी राहते. फील्डिंग पर्सेंटेज काढताना पुटआउट (स्वतः बाद करणं), असिस्ट (बाद करायला हातभार) आणि एरर एवढेच आकडे घेतात. न गाठलेल्या चेंडूला तिथे जागाच नाही.

न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जीटरचं २०१० सालचं उदाहरण घ्या. अख्ख्या हंगामात फक्त ६ चुका, पर्सेंटेज .९८९ आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' पुरस्कार पाचव्यांदा. त्याच वर्षी 'डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड' (सरासरी क्षेत्ररक्षकाच्या तुलनेत किती धावा वाचवल्या) या मापात मात्र तो उणे होता. जीटर फार मोठा खेळाडू, यात वाद नाही. पण त्याने टाळलेल्या चुका सगळ्यांनी मोजल्या आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने निघून गेलेल्या हिट्स पुरस्कार देताना कोणी मोजल्या नाहीत. ह्यूस्टनचा ॲडम एव्हरेट याच जागी कितीतरी जास्त चेंडू अडवायचा. बॅट दुबळी असल्याने त्याला गोल्ड ग्लव्ह कधीच मिळाला नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

आता स्टॅटकास्ट या बेसबॉलमधल्या मोजमाप यंत्रणेचे कॅमेरे चेंडू कुठे पडणार, खेळाडू किती अंतरावर उभा होता, हाती किती वेळ होता, हे सगळं टिपतात. शंभरात पंचवीस वेळाच पकडला जाणारा झेल घेतला तर खात्यात ०.७५ जमा, सुटला तर ०.२५ वजा. अवघड चेंडूसाठी धावणाऱ्याला यात न धावणाऱ्यापेक्षा जास्त शिक्षा होत नाही, ही मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. अर्थात एका हंगामाच्या आकड्यावर निकाल देऊ नये, दोन-तीन वर्षांचे एकत्र पाहावेत. २०१३पासून गोल्ड ग्लव्हच्या निवडीतही सुमारे पाव हिस्सा आकडेवारीला दिला जातो. बाकीची मतं व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांची.

मी बरीच वर्षं क्लब क्रिकेटचं गुणलेखन केलं आहे. एकनाथ सोलकरांचे २७ कसोटींतले ५३ झेल नोंदवलेले आहेत, पण त्यांतले किती झेल दुसऱ्या कोणाच्या हाती लागलेच नसते, ते कोणत्याच वहीत नाही. म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी क्षेत्ररक्षकाबद्दल छापताना चुकांच्या शेजारी त्याने किती चेंडू गाठले, तोही आकडा द्यावा. तो आज उपलब्ध आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली