कार्डामागचा आकडा वाचणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

फोनवर आभार मानले तेव्हा "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवलात. माझं मात्र समाधान झालं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. दोन लायसन्स सांभाळणाऱ्या इतर वैमानिकांच्याही ते कामी येईल.

त्या दिवशी तुम्ही परीक्षक म्हणून घेणार होतात त्या चेकच्या, म्हणजे उड्डाण-चाचणीच्या, आधी मी टेबलावर कागद मांडले होते. तुम्ही माझं अमेरिकन वैमानिक-प्रमाणपत्राचं कार्ड उचललंत, उलटं केलंत आणि मागच्या बारीक अक्षरांवर पेनाचं टोक ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचलात. मग माझं युरोपियन लायसन्स शेजारी ओढलंत. आकडे जुळले नाहीत. तुम्ही आवाज जराही न चढवता म्हणालात, "हे कार्ड आज चालणार नाही."

माझं अमेरिकन प्रमाणपत्र परदेशी लायसन्सच्या आधारावर मिळालेलं होतं. अशा कार्डावर मूळ लायसन्सचा नंबर छापलेला असतो आणि त्या लायसन्सबरोबरच ते वैध धरलं जातं. मी वर्षभरापूर्वी माझं लायसन्स युरोपातल्याच दुसऱ्या देशाकडे हलवलं, नंबर बदलला आणि कार्डाचा आधारच गेला. मी उडवतो ते विमान अमेरिकन नोंदणीचं, राहणं आणि उडणं युरोपात, त्यामुळे मला दोन्हीकडचे कागद लागतात. पुढच्याच आठवड्यात मी त्या विमानातून घरच्यांना घेऊन ढगातून जाणार होतो. तो बेत मी तिथेच रद्द केला. मूळ लायसन्सची पडताळणी नव्याने करून घेतली आणि नवं कार्ड हातात आल्यावरच त्या विमानात बसलो. तुम्ही कार्ड उलटं केलं नसतं तर, हा विचार आजही रात्री मनात येतो.

दुसरं ऋण तारखांचं आहे. अमेरिकन इन्स्ट्रुमेंट रेटिंगला (बाहेर न बघता, उपकरणांवर ढगातून उडण्याच्या परवान्याला) मुदत नसते, पण ते वापरायचं तर मागच्या 6 कॅलेंडर महिन्यांत 6 अप्रोच (उपकरणांवर विमान धावपट्टीकडे उतरवत आणणं), होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं) आणि ठरलेला मार्ग पकडून त्यावर राहण्याचा सराव लॉगबुकात असावा लागतो. मार्चच्या 3 तारखेला केलेला अप्रोच सप्टेंबरअखेरपर्यंत मोजला जातो. हे मोजमाप हुकलं तर आणखी 6 महिन्यांत सेफ्टी पायलट, म्हणजे बाहेर नजर ठेवणारा दुसरा वैमानिक, घेऊन भरून काढता येतं, त्यानंतर मात्र प्रोफिशियन्सी चेक द्यावाच लागतो. युरोपचं गणितच वेगळं. तिथे किती अप्रोच केले हे विचारत नाहीत, रेटिंगच एका वर्षाचं असतं आणि दरवर्षी चेक द्यायचा. 7 वर्षं तसंच पडू दिलं तर लेखी परीक्षांपासून पुन्हा सुरुवात.

माझी मुदत 31 ऑक्टोबरची होती आणि मी उत्साहाने जुलैच्या सुरुवातीचा चेक मागितला होता. तुम्ही तो ऑगस्टवर ढकललात. शेवटच्या 3 महिन्यांत चेक दिला की नवं वर्ष जुन्या मुदतीपासून मोजलं जातं. त्याआधी दिला तर चेकच्या दिवसापासून, म्हणजे माझे जवळजवळ 4 महिने वाया गेले असते. शिवाय तुम्ही युरोपच्या परीक्षक आणि अमेरिकेच्या इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरही. दोन्हीकडच्या याद्या आधीच समोरासमोर ठेवून तुम्ही एकाच उड्डाणात दोन्ही चेक बसवलेत. मल्टी-इंजिनवर दिलेला युरोपियन चेक सिंगल-इंजिनलाही चालतो, उलटं चालत नाही, म्हणून जुनं ट्विनच, म्हणजे दोन इंजिनांचं विमानच, घ्यायचं हेही तुम्हीच ठरवलंत.

आणि त्या ट्विनमध्ये मला खरं काय ते कळलं. एरवी मी काचेच्या स्क्रीनवर उडतो, तिथे सगळं एका नजरेत मिळतं. इथे गोल घड्याळांची रांग, आणि हेडिंगचं घड्याळ दर 10-15 मिनिटांनी कंपासशी जुळवून घ्यायचं. एका इंजिनावरचा अप्रोच झाला, हायसं वाटलं, तेवढ्यात तुम्ही अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या घड्याळावर, पिवळा कागद चिकटवलात. ते चालवणारा व्हॅक्युम पंप गेला तर ते घड्याळ एकदम बंद पडत नाही, हळूहळू कलत जातं आणि आपण त्याच्यामागे कलत जातो, हे मला पाठ होतं. तरी माझी नजर पुन्हा पुन्हा त्या कागदावरच जात होती. तुम्ही ओरडला नाहीत. वळण दाखवणाऱ्या टर्न को-ऑर्डिनेटरच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केलंत आणि गप्प बसलात. हळूहळू त्यातलं चिमुकलं विमान सरळ झालं.

उतरल्यावर दोन्ही नोंदींवर सही करून तुम्ही म्हणालात, "कागदावर तुम्ही दोन्ही विमानांना चालता. या विमानात एकटे ढगात जाण्याआधी माझ्याबरोबर अजून दोनदा या." नियमाने ते बंधनकारक नव्हतं. मी आलो, दोनदा नाही, चारदा, आणि प्रत्येक वेळी तुम्ही वेळ काढलात.

लॉगबुकच्या आतल्या पुठ्ठ्यावर तुम्ही आखून दिलेला तक्ता मी रोज भरतो: एका रकान्यात अमेरिकेचे 6 महिने, दुसऱ्यात युरोपची तारीख, तिसऱ्यात कोणत्या विमानात शेवटचा अप्रोच कधी केला ते. चौथा रकाना मी स्वतः वाढवला आहे, दोन्ही कार्डांवरच्या नंबरांचा. पुढच्या ऑगस्टमध्ये दाखवायला आणतो.

आपला कृतज्ञ विद्यार्थी