दिवा विझला, पण ब्रेकचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला की ‘ऑइल कमी झालं असेल, थोडं टाका, जाईल’ हा सल्ला हमखास मिळतो. ऑइल टाकल्यावर दिवा बहुतेक वेळा विझतोही, त्यामुळे सल्ला खरा वाटतो. या सल्ल्याला हरकत घेण्यासाठीच हे पत्र.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते बंद नळ्यांत असते आणि तिथेच राहायला हवे. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली तर कारणे मुख्यतः दोनच: चाकाच्या डिस्कला दाबून वेग कमी करणारे पॅड झिजले आहेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. पॅड झिजतो तसा तो दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढते. म्हणून पातळी महिनोन्महिने अगदी सावकाश खाली येते. टाकीतल्या फ्लोटमध्ये छोटे लोहचुंबक असते. फ्लोट ठरावीक पातळीखाली गेला की स्विच जुळतो आणि दिवा लागतो. वळणावर किंवा चढ-उतारावर दिवा क्षणभर लागून विझत असेल तर ऑइल नेमके त्या सीमेवर आले आहे असे समजावे. पुष्कळशा लहान गाड्यांत पॅडची झीज दाखवणारा वेगळा सेन्सर नसतो. पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळू लागते ती एक खूण आणि ही उतरलेली पातळी ही दुसरी. वरून ऑइल ओतले की ही दुसरी खूण पुसली जाते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की तेच जादा ऑइल टाकीतून वर येऊन सांडते आणि जिथे सांडते तिथला रंग उचलते. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नुसते पुसून भागत नाही.

म्हणून आधी चाके पाहावीत. नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावेत, कारण कॅलिपरच्या पिना अडकल्या की एक पॅड ठणठणीत दिसतो आणि दुसरा लोखंडापर्यंत गेलेला असतो. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर गळती शोधायची. टायरची आतली बाजू ओली आहे का, ड्रमच्या मागून ओघळ आला आहे का, कॅलिपरला जाणारा रबरी होज फुगला किंवा भेगाळला आहे का ते पाहावे. एक जागा हटकून नजरेतून सुटते, ती म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला जोडला जातो तो सांधा. तिथले सील गेले की ऑइल बूस्टरच्या पोटात उतरते आणि खाली जमिनीवर थेंबही दिसत नाही.

दुसरा ‘उपाय’ याहून वाईट. टाकीवरच्या सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवायचा. बहुतेक गाड्यांत दिवा लगेच विझतो. तपासणीसाठी ही युक्ती चांगली आहे: कनेक्टर काढल्यावर दिवा गेला तर कारण टाकीकडे, म्हणजे कमी ऑइल किंवा अडकलेला फ्लोट; नाही गेला तर बहुधा हँडब्रेकच्या स्विचकडे. पण तपासणी झाली की कनेक्टर परत लावलाच पाहिजे. तो सुटा ठेवून गाडी मालकाच्या ताब्यात देणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

चालत्या गाडीत दिवा लागला तर काय करावे? ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते पाहावे. एखादा खाचा वर राहिलेला हँडब्रेकही दिवा लावतो आणि मागचे ड्रम तापवत राहतो. मग पेडल हळू दाबून पाहावे. ते नेहमीच्या उंचीवर घट्ट लागले तर शांतपणे सुरक्षित जागी थांबावे. पेडल खोल जात असेल तर ते पटापट वर-खाली मारावे, कारण त्याने बहुधा थोडा दाब परत येतो. सोबत गिअर एकेक करून खाली आणावा आणि हँडब्रेकचे बटण दाबून धरून लिव्हर थोडाथोडा ओढावा, म्हणजे मागची चाके लॉक होणार नाहीत. इंजिन मात्र बंद करू नये. बूस्टरला व्हॅक्यूम त्यातूनच मिळतो, पॉवर स्टिअरिंगही इंजिनबरोबर जाते आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ब्रेकचे पाइप दोन स्वतंत्र शाखांत विभागलेले असल्यामुळे एक शाखा गेली तरी सहसा दुसरी उरते, पण मग गाडी थांबायला अंतर बरेच जास्त लागते.

थांबल्यावर चाकाला दगड लावावा आणि बॉनेट उघडून टाकीवरच्या किमान-कमाल रेघा बाहेरूनच पाहाव्यात. झाकण उगाच उघडू नये. मग इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसू लागले तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा बाहेर कुठेतरी ऑइल जाते आहे; अशी गाडी टो करूनच न्यावी. लाल दिव्याबरोबर एबीएसचा (जोरात ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही लागला असेल तरीही टो करणेच बरे, कारण पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीच बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी लॉक होतात. बॅटरीचा दिवाही सोबतीला असेल तर आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासावा. व्होल्टेज पडले की हे दिवे एकदम लागलेले दिसतात. पातळी रेघांच्या मध्ये, पेडल घट्ट आणि तरीही लाल दिवा, असे असेल तर बहुधा स्विचचा दोष. तेवढी गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. एकट्या पिवळ्या दिव्याचे तसेच. साधे ब्रेक लागतात, एबीएस तेवढे नसते. मूळ बहुतेकदा चाकाजवळच्या सेन्सरवरच्या घाणीत किंवा तुटक्या वायरीत सापडते.

ऑइल टाकावेच लागले तर टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच टाकावे. ‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची प्रत; डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एका कुळातली. डॉट ५ सिलिकॉनचे असते, नाव जवळचे असले तरी ते यांत मिसळत नाही. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगतात आणि मग सगळी यंत्रणा उघडावी लागते. अर्धी वापरून कपाटात ठेवलेली बाटलीही नको, कारण हे ऑइल हवेतले बाष्प शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो किमान १५५ अंश राहिला तरी प्रमाणात बसतो. लांब घाटउतारावर ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. पातळी बरोबर असल्यामुळे तोपर्यंत दिवा लागलेला नसतो. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचे ते यासाठी. नळीत शिरलेली हवा किंवा निकामी बूस्टरही हा दिवा सहसा दाखवत नाही. पेडल स्पंजसारखे किंवा दगडासारखे झाले तर दिव्याची वाट पाहू नये.

राहिला न लागणारा दिवा. चावी ‘ऑन’वर आणताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू करून हँडब्रेक सोडल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो अंधारातच असेल तर बल्ब किंवा सर्किट गेले आहे, नाहीतर कुणीतरी ते मुद्दाम काढले आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर चावी हातात येताच पहिल्यांदा हेच पाहावे. दोन सेकंदांचे काम आहे.

आपला नम्र,
एक वाचक