गॅस भरायला हो म्हणायच्या आधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई एक सांगत होती, मागून बाबा दुसरंच सांगत होते आणि मधेच कुकरची शिट्टी, त्यामुळे मला एवढंच कळलं की एसी चालू होतो, हवा येते पण गार येत नाही, आणि तो सर्व्हिसवाला घरी न येताच फोनवर म्हणाला की गॅस संपलाय, भरावा लागेल. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, बाबांना चष्मा लावून निवांत वाचता येईल.

त्याला लगेच हो म्हणू नका. एसीतला गॅस वापरून संपत नाही हो. बंद नळीत तोच तो गॅस फिरत असतो, खोलीतली उष्णता घेतो, बाहेर नेऊन सोडतो, परत आत येतो. आपला फ्रिजपण ह्याच पद्धतीने चालतो आणि तो मी शाळेत असल्यापासून आहे, त्यात कधी गॅस भरलाय आपण? मग! गॅस खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरून गेला तर पैसे गेले आणि दिवाळीनंतर कधीतरी परत हेच रडगाणं. उन्हाळ्यात ह्या लोकांना दिवसाला दहा घरं करायची असतात, गॅस भरला की काम झटपट होतं, त्यांचंही चालतं. पण आपल्याकडे बघायच्या फुकटच्या गोष्टी आधी बघू.

आधी रिमोट. हसू नका. त्याच्यावर मोडचं बटण आहे, आई टेम्परेचर वाढवायला जाते आणि अंगठा नेमका त्याच्यावर पडतो. स्क्रीनवर बर्फाच्या फुलाचं चित्र पाहिजे. पाण्याचा थेंब दिसला तर तो ड्राय मोड, पंख्याचं चित्र दिसलं तर एसी नुसता पंखा म्हणून चालू आहे, कितीही वेळ लावा, गार होणार नाही. कूलवर आणा आणि २४ ठेवा. बाबा १६ वर नेतात लवकर गार व्हावं म्हणून, पण आपला साधा एसी आहे, इन्व्हर्टर नाही, त्याचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, एकतर चालू असतो नाहीतर बंद, १६ केलं म्हणून तो जास्त जोर लावत नाही, फक्त थांबायचं नाव घेत नाही आणि बिल येतं. सरकारने पण २०२० पासून नवीन स्टारवाल्या एसींना चालू होताना २४ च सेटिंग ठेवायला लावलंय, ते काही उगाच नाही. आणि बंद-चालू बंद-चालू करू नका. एकदा बंद झाला की कॉम्प्रेसर परत सुरू व्हायला साधारण तीन मिनिटं घेतो, तेवढं थांबायचं.

मग फिल्टर. मला वाटतं अर्धी भानगड इथेच आहे, कारण समोरची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेल्यापासून तुमच्याकडे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, तीच धूळ एसीतपण जाते. मेन स्विच बंद करायचा, पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचललं की दोन जाळ्या दिसतील, त्या ओढून काढायच्या, नळाखाली धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी. पण बाबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाला हाक मारा, दोन मिनिटांचं काम आहे, त्याला आईच्या हातची एक वडी दिली की तो पुढच्या वेळी स्वतः आठवण करेल.

आता बाहेरचं युनिट, ड्राय बाल्कनीतलं. मागच्या पावसाळ्यात बाबांनी त्याला ताडपत्री बांधली होती, ती सोडली होती ना? नसेल तर उत्तर सापडलं म्हणायचं, कारण आतली सगळी उष्णता त्या युनिटातून बाहेर पडायची असते, त्याचं नाक-तोंड बांधलं तर ती जाणार कुठे. ताडपत्री नसली तरी मागची जाळी बघा, कबुतरांनी काड्या आणून ठेवल्या असतील, पिसं आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. आणि आई, तुझे ते रिकामे डबे आणि पोछ्याची बादली युनिटच्या तोंडासमोरून हलव. एसी चालू असताना त्याच्यासमोर हात धरा, लांबूनच, पंख्याच्या जाळीत बोट नको. गरम हवा अंगावर यायला पाहिजे. गरम येत असेल तर मशीन काम करतंय, कुठेतरी धूळ अडकलीय. पंखा फिरतोय पण हवा साधीच, म्हणजे कॉम्प्रेसर चालत नाहीये किंवा गॅसचं काहीतरी. आणि नुसता घूं आवाज येतोय, पंखा फिरतच नाही, तर बहुतेक कॅपॅसिटर गेलाय. तो छोटा पार्ट असतो, गॅस भरण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त, पण तो आपण काढायचा नाही, लाईट बंद केल्यावरपण त्याच्यात करंट साठून राहतो. बाबांनी रेडिओ घरी दुरुस्त केलाय हे मला माहितीये. तरीही नाही.

आतल्या युनिटच्या कॉईलवर (फिल्टरमागच्या गार नळ्यांवर) किंवा पाईपवर बर्फ दिसला तर खूश होऊ नका, वा काय गारेगार म्हणून. उलटं आहे ते. हवा नीट खेळत नाही किंवा गॅस कमी आहे म्हणून कॉईलवर बर्फ धरतो, आणि त्या बर्फातून हवा येतच नाही. फॅन मोडवर दोन-तीन तास ठेवून वितळू द्या, खाली जुना टॉवेल टाका. धुतलेला फिल्टर लावूनही परत बर्फ आला तर मात्र मी म्हणेन की सर्व्हिसवाल्याचं खरं असू शकतं.

स्टॅबिलायझरवरचा आकडापण रात्री दहाला एकदा बघून ठेवा, सगळी सोसायटी तेव्हाच एसी लावते. व्होल्टेज फार पडलं तर कॉम्प्रेसर उचलतच नाही, मग नुसती हवा येत राहते. बाबांच्या आवडीचं एक काम आहे: हॉलमधलं तापमान दाखवणारं घड्याळ घ्या, एसी पंधरा मिनिटं चालल्यावर आधी हवा आत ओढली जाते त्या वरच्या बाजूला धरा, मग गार हवा येते तिथे, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत (हे काकूंच्या मुलाकडून करून घ्या). आठ-दहा डिग्रीचा फरक असेल तर एसी ठणठणीत आहे आणि दोष पश्चिमेच्या खिडकीचा, दुपारी जाड पडदा ओढा आणि पंखा एकवर ठेवा. दोन-तीन डिग्रीच असेल तर माणूस बोलवायचा. आकडे डायरीत लिहाच, तो आला की दाखवता येतील, आकडे दाखवणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणी सहसा गुंडाळत नाही.

तो आला की विचारायचं, लीक कुठे आहे ते दाखवा. पाईप जिथे नटने जोडलेत तिथे तेलकट डाग दिसतो बऱ्याचदा, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. नाही सापडलं तर नायट्रोजनचं प्रेशर देऊन तपासतात. लीक बंद केल्यावर व्हॅक्युम करायचा, म्हणजे नळीतली हवा पंपाने ओढून काढायची, आणि मगच गॅस, तोही वजन करून, अंदाजाने नाही. आपल्या एसीत आर-३२ नावाचा गॅस आहे, किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. हा गॅस थोडा पेट घेणारा आहे, त्यामुळे काम चालू असताना बाल्कनीत उदबत्ती, काडेपेटी काही नको, आणि नाक्यावरचा कोणीही नको, ह्या गॅसचं काम येणाराच बोलवा. कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकीच्या एसीपेक्षा जास्त वर्षांची असते, कार्ड स्टीलच्या कपाटात बिलांच्या फाईलमध्ये आहे, ते आधी काढा.

गुरुवारी लाईट जाणार असेल, त्यामुळे शुक्रवारचीच वेळ घ्या. तोपर्यंत दोघं हॉलमध्ये झोपा, तिथे रात्री वारा असतो. "पूर्वी पुण्यात पंखापण लागत नव्हता" हे मला पाठ आहे बाबा, पण तेव्हा तुम्ही तिशीत होता, आणि आईला बीपीच्या गोळ्या चालू नव्हत्या. बिलाची काळजी करू नका, ह्या महिन्याचं मी इथूनच भरते.

त्या पट्टीचा फोटो आज पाठवा, फ्लॅश लावून, मागच्या वेळी नुसता अंगठा आला होता.

तुमची,
मनू