फोन लागला नाही तर : बीरशेबाहून आई-बाबांना

बीरशेबा, इस्रायल, २१ जून २०२५, शनिवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रोज बोलणं होतंय, तरी हे मुद्दाम लिहून पाठवतेय. फोनवर आईला रडू येतं, बाबा गप्प होतात आणि कामाचं राहून जातं. दादाकडून प्रिंट काढून घ्या आणि टीव्हीशेजारी ठेवा, म्हणजे बातम्या बघता बघता निदान याच्याकडेही लक्ष जाईल.

आधी गुरुवारचं. इथल्या सोरोका हॉस्पिटलवर इराणचं क्षेपणास्त्र पडलं ते तुम्ही दिवसभर टीव्हीवर पाहिलंत. हो, ते आमच्या विद्यापीठाला लागूनच आहे. हो, घरच्या काचा थरथरल्या. पण त्या गोंधळात एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. जी जुनी इमारत फुटली, तिच्यातले वरचे वॉर्ड आदल्याच दिवशी रिकामे केलेले होते. धोका आहे म्हणून पेशंट खाली हलवले होते, बस. जखमी झाले लोक, पण वॉर्ड भरलेले असते तर काय झालं असतं त्याचा विचार करा. काल पुन्हा सकाळी इथे पडलं. सांगायचं एवढंच की धोका खरा आहे, तो मी लपवत नाही. आणि त्यातून वाचण्याची रीतही खरी आहे, ती मी पाळतेय.

रीत अशी. इराणहून निघालेलं क्षेपणास्त्र इथे यायला साधारण बारा मिनिटं लागतात. त्यामुळे इथल्या होम फ्रंट कमांडचा, म्हणजे लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाचा, इशारा आधी फोनवर येतो : आसऱ्याच्या जवळ राहा. मग काही मिनिटांनी भोंगा होतो. तोपर्यंत माणूस आत असलंच पाहिजे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत एक खोलीच जाड काँक्रीटची, लोखंडी दाराची असते, तिला ममाद म्हणतात. आमची इमारत जुनी, त्यामुळे आम्ही तळघरातल्या सामायिक आसऱ्यात जातो, तो मिकलात. आणि आवाज थांबला म्हणून बाहेर यायचं नाही, फोनवर 'आता बाहेर या' असं आल्यावरच यायचं. आई, तू विचारतेस की रात्री झोप लागते का. लागते, पण अंगावर बाहेर जायचे कपडे आणि पलंगाखाली बूट. अनवाणी धावायचं नाही, काच असते.

मिकलातमध्ये कोण कोण असतं ते सांगते, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. दुसऱ्या मजल्यावरच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, आजी आहेत, मूळच्या रेवदंड्याच्या. त्यांचे गुडघे गेलेत. त्यांना सांभाळणारी केरळची ताई आणि समोरचा मुलगा त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणतात. पूर्वसूचना येते म्हणून हे जमतं. परवा मी दाराशी उभी राहून कानोसा घेत होते, तर आजी मराठीत ओरडल्या, "बस की गं खाली! तू उभी राहिलीस म्हणून ते लवकर जाणारेत होय?" सगळी मंडळी नुसती बघत राहिली, हसलो आम्ही दोघीच. ती केरळची ताई मात्र घरी जायचं नावच काढत नाही. या म्हातारीला कुणाच्या भरवशावर टाकू म्हणते. तिच्यासारखे पुष्कळ जण आहेत इथे, त्यांच्याबद्दल कुणी बातमी करत नाही.

आणि तिकडे तेहरानमध्ये शिकणाऱ्या आपल्या पोरांना ना भोंगा, ना तळघरं. इराणमधल्याच उर्मियाहून ११० भारतीय विद्यार्थी आर्मेनियामार्गे गुरुवारी दिल्लीत उतरले, तेव्हा मला माझंच कुणी घरी पोचल्यासारखं वाटलं.

आता तुझा रोजचा प्रश्न, आई : कधी येतेस? बेन गुरियन विमानतळ नेहमीच्या प्रवाशांना बंद आहे. 'ऑपरेशन सिंधू' या परत आणण्याच्या मोहिमेत इस्रायलमधल्या भारतीयांनाही नेणार असं आपल्या सरकारने परवा जाहीर केलं : ज्यांना यायचंय त्यांना आधी जमिनीवरून सरहद्दीपलीकडे, मग विमानाने. मी दूतावासाकडे नाव नोंदवलंय. ज्या दिवशी निरोप येईल त्या दिवशी निघेन. त्याआधी नाही.

यावर मामा म्हणाला, "एवढे पैसे आहेत तर टॅक्सी करून जॉर्डनला का जात नाही?" आमच्या एका ग्रुपवरही कुणीतरी "आज रात्रीच बॉर्डरवर सोडतो" म्हणून डॉलर मागतोय. मामाला सांगा की घरात भोंगा झाला तर मला तळघर आहे. रस्त्यात झाला तर गाडी थांबवायची, उतरून लांब जायचं, जमिनीवर पालथं पडायचं आणि डोक्यावर हात घ्यायचे, एवढंच हातात असतं. असा तासन्‌तासांचा रस्ता एकटीने कशाला अंगावर घेऊ? शिवाय पलीकडे व्हिसा, मुक्काम, विमान सगळं आपलं आपण बघायचं. विनाकारण फिरू नका, आसऱ्याजवळ राहा, असं दूतावासानेही पहिल्या दिवसापासून सांगितलंय. घाईने निघणं मला इथे थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

बाबा, तुमच्या ऑफिसातले कुवेतहून परतलेले काका आठवतात ना? १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असेच अम्मानपर्यंत आले आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चाललं होतं ते. काकांच्या घरच्यांना आठवडेच्या आठवडे काही कळत नव्हतं, हे तुम्हीच सांगायचात. आपलं तसं नाही.

पिशवी दाराशी भरलेली आहे : पासपोर्ट, व्हिसाचे कागद, विद्यापीठाचं पत्र, थोडे शेकेल, थोडे डॉलर, पॉवर बँक, दम्याचे दोन पंप, खजूर, पाणी. सगळ्या कागदांच्या प्रती दादाच्या मेलवर आहेत. पासपोर्टची एक झेरॉक्स बाबांच्या निळ्या फायलीत असू द्या.

आता तुमच्याकडची कामं.

तुमच्या सकाळी ९ ला आणि रात्री १० ला माझा 'ठीक' असा मेसेज येईल. आपल्यात अडीच तासांचं अंतर आहे, विसरू नका. मेसेज आला नाही तर लगेच घाबरायचं नाही. तळघरात रेंज नसते, आणि भोंग्यानंतर सगळेच फोन लावतात म्हणून लाइन जाम होते. दोन तास थांबायचं. मग फक्त दादाने माझ्या रूममेटला फोन करायचा. तिचा लागला नाही तर आजींच्या मुलीला. तिथेही काही कळलं नाही, तरच दूतावासाच्या चोवीस तासांच्या नंबरवर, तोही दादानेच, पासपोर्ट नंबर हाताशी ठेवून. एका मुलीसाठी सात नातेवाईक फोन करत बसले तर ज्याला खरी गरज आहे त्याचा लागत नाही. आमदारांच्या पीएला ओळखणाऱ्या मामाने सध्या विश्रांती घ्यावी.

मला व्हिडिओ पाठवू नका. त्यातले निम्मे जुने असतात, काही तर चक्क संगणकावर बनवलेले. "तिकडचे फोटो पाठव" असंही कुणी म्हणू नका. जिथे क्षेपणास्त्र पडलं तिथलं चित्रण करून पसरवायला इथे मनाई आहे, त्यावरून पोलिस धरतात. आणि मी कधी निघणार, कुठल्या बाजूने जाणार हे कळलं की सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. आई, हे तुझ्यासाठी.

बाबा, तिची बीपीची गोळी तुमच्यासमोर घ्यायला लावा. रात्री दहाचा मेसेज आला की टीव्ही बंद. मी विचारणार आहे दादाला.

निरोप आला की निघताना एक शब्द टाकेन : 'निघाले'. वाटेत फोन करणार नाही, बॅटरी वाचवायचीय. पुढचा फोन जॉर्डनच्या किंवा इजिप्तच्या बाजूने, पलीकडे पोचल्यावरच. दिल्लीहून पुण्याचं तिकीट दादा काढेल. आई, तू दिल्लीला यायचं नाहीस, उन्हाळा आहे तिथे. पुण्याच्या विमानतळावर आलीस तर चालेल.

तुमची,
मनू