साहेब, "याला ठाण्याला पाठवा" हे आता थांबायला हवं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार साहेब.

मी कळव्यात राहते. माहेरही ठाण्यातलंच. लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेलं की तिथली पोरं पहिलं विचारायची, "ठाण्याची ना गं तू, मग सुटलीस कधी?" सगळे हसायचे आणि मीपण हसायचे. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा", पुण्याकडचे असले तर "येरवड्याला नेऊन टाका" (दोन्हीकडे मनोरुग्णालय आहे म्हणून), हे इतकं तोंडात बसलंय की बोलणाऱ्याला आपण काही लागेल असं बोललो हे कळतही नाही. पण साहेब, हेच वाक्य आमच्या घरात अडीच वर्षं दारात आडवं पडून होतं आणि त्या अडीच वर्षांत माझ्या धाकट्या भावाचं जे गेलं ते अजून पूर्ण भरून आलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

भाऊ तेव्हा २३ वर्षांचा, महापेला एका कंपनीत नाइट शिफ्टला होता. २०१९ च्या सुरुवातीला त्याची झोप गेली, आम्हाला वाटलं शिफ्टमुळे असेल. मग मित्रांचे फोन घेईना, मग आंघोळ टाळायला लागला, खिडकीच्या फटीत पेपर कोंबून ठेवायचा, आणि रात्री हळू आवाजात कोणाशी तरी बोलायचा, विचारलं तर म्हणायचा तुम्हाला ऐकू येत नाही का. सगळ्यात वाईट होतं ते जेवणाचं. आमटीत आपल्याला काहीतरी घालून देतात असं त्याच्या मनाने घेतलं होतं, त्यामुळे आईच्या हातचं सगळं बंद. फक्त केळी खायचा. मी एकदा विचारलं केळीच का रे, तर म्हणाला, "ताई, केळ्याला साल असते, आत कोणाला काही घालता येत नाही." तरी सोलायच्या आधी प्रत्येक केळं ट्यूबलाइटखाली धरून फिरवून फिरवून बघायचा, कुठे सुईचं भोक तर नाही ना. आई ओट्यापाशी उभी राहून बघत असायची, हातात पोळीचं ताट तसंच.

आम्ही काय काय केलं ते पण लिहिते, कारण बहुतेक घरात हेच होतं. कुणीतरी म्हणालं बाहेरचं आहे, मग लिंबू उतरवले, अंगारा झाला, एका माणसाने ११ हजार घेतले आणि म्हणाला घराण्यातलं जुनं आहे. मावशी म्हणाली लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. (देवाची कृपा की ते केलं नाही, एका मुलीचं आयुष्य त्यात ओढलं गेलं असतं.) आमच्या नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र लगेच सांगितलं होतं की एकदा मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा, तर आई त्यांच्यावरच चिडली, "माझा मुलगा काय वेडा आहे का, त्याला ठाण्याला टाकू?" आम्ही राहतो ठाण्यातच साहेब, आणि तरी आई असं बोलली. मग लॉकडाऊन आलं, त्याची नोकरी गेली, आणि घरात बसल्यामुळे असं झालं म्हणायला आम्हाला एक कारण मिळालं.

शेवटी मार्ग दाखवला तो समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी. जिन्यात मला थांबवलं आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांना ११ वर्षं लिथियम चालू आहे, तू घाबरू नकोस, घेऊन जा त्याला." लिथियम म्हणजे मनाच्या आजारावरची गोळी. मी सुन्न झाले. काका रोज सकाळी आठ वाजताची लोकल पकडून कामावर जाणारा माणूस, गणपतीत हिशोब बघणारा, आणि ११ वर्षांत कोणाला पत्ता नाही. ज्यांचं बरं चाललंय ते बोलत नाहीत आणि ज्याचं बिघडलंय तोच रस्त्यावर दिसतो, मग लोकांना वाटतं की हे आजार बरे होतच नाहीत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत नेलं. रिक्षावाल्याला आईने हॉस्पिटलचं नाव सांगितलं नाही, ज्ञानेश्वर नगर म्हणाली, अलीकडेच उतरवायला लावलं आणि राहिलेलं अंतर आम्ही चालत गेलो, तोंडावर पदर घेऊन. आत आम्हाला वाटलं होतं साखळ्या, गज, ओरडणं वगैरे असेल. होती ती ओपीडीची रांग, केसपेपर, बाकडी, आणि बाकड्यावर आपल्यासारखीच माणसं, एक कॉलेजची मुलगी पुस्तक वाचत बसली होती. डॉक्टर बाईंनी आधी भावाशी बोलून घेतलं, आमच्याशी नंतर. स्किझोफ्रेनिया, त्या म्हणाल्या. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन आहे, त्याचं काम बिघडतं, मग नसलेले आवाज खरे वाटतात आणि नसलेला संशय पक्का होतो, यात तुमच्या संस्काराची चूक नाही आणि त्याच्या स्वभावाचीही नाही, साधारण विशीच्या आसपासच सुरू होतो हा आजार. आई तिथेच रडली. मला वाटतं तिला दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं होतं की तुझी चूक नाही.

त्याला भरती करावं लागलं नाही, ओपीडीतूनच गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस नुसता झोपायचा, हात थरथरायचे, त्यासाठी वेगळी गोळी दिली. नंतर वजनही वाढलं, हे लपवण्यात अर्थ नाही, साइड इफेक्ट असतात आणि ते डॉक्टरला सांगायचे असतात, परस्पर गोळी बंद करायची नसते. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तो आपणहून ओट्यापाशी आला, वाटी घेतली, आमटी वाढून घेतली, उभ्याउभ्याच प्यायला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे." आईने डबा काढून मीठ दिलं. दोघंही पुढे काहीच बोलले नाहीत.

आता तुमच्या खात्याचं बोलते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने २०१५-१६ ला देशभर जो राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला त्यात मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे दहामागे एक, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराशिवाय होते. २०१९ च्या सुमारास देशात लाख लोकांमागे मानसोपचार तज्ज्ञ फक्त पाऊण. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्किझोफ्रेनिया साधारण ३०० माणसांत एकाला असतो, म्हणजे आमच्या सकाळच्या एका भरलेल्या लोकलमध्ये पण असे दहा-बारा जण निघतील. ते सगळे कुठे जातात साहेब? आमच्यासारखी घरं खिडकीत पेपर कोंबून बसतात.

तज्ज्ञ एका दिवसात वाढणार नाहीत हे मलाही कळतं. म्हणून माझी मागणी वेगळी आहे. निदान तज्ज्ञाने करावं, गोळी त्याने ठरवावी, पण पुढचं दर महिन्याचं बघणं आणि गोळ्या देणं हे घराजवळ झालं पाहिजे, जिथे बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मिळतात त्याच खिडकीवर. सरकारचा 'आपला दवाखाना' आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, तिथल्या एमबीबीएस डॉक्टरांना ट्रेनिंग द्या, आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे आणि त्याचा हेतूच हा होता, की पेशंटने मोठ्या हॉस्पिटलपर्यंत खेटे घालू नयेत. बीपीच्या रांगेत उभं राहायला कोणाला लाज वाटत नाही. त्या रांगेत आमचा भाऊ उभा राहिला तर कोण विचारणार आहे?

आणि गोळ्यांचा स्टॉक. २०२३ मध्ये एका सरकारी ठिकाणी (नाव घेत नाही, खिडकीवरच्या माणसाचा त्यात दोष नव्हता) त्याची गोळी सलग दोन वेळा मिळाली नाही, बाहेरून घ्या म्हणाले. बाहेरून आणायची म्हणून आम्ही एक दिवसाआड द्यायला लागलो, आणि खरं सांगायचं तर आता बरा आहे की, असंही मनात होतं. ही आमची चूक. पाचव्या आठवड्यात तो परत केळं ट्यूबलाइटखाली धरून बघायला लागला. मी ते दारातून बघितलं आणि माझे पाय गळले. त्या वेळी ११ दिवस भरती करावं लागलं. शुगरची गोळी एक महिना नसली तर ओरड होते, या गोळ्यांची ओरड करायला कोणी उभं राहत नाही कारण उभं राहिलं तर नाव कळतं, म्हणून ओरड नाही याचा अर्थ तुटवडा नाही असा कृपा करून काढू नका.

त्या भरतीचं बिल, प्रायव्हेटमध्ये झालेलं, विमा कंपनीने नाकारलं, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही म्हणे. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. मी तक्रार केली, सहा महिने ई-मेलची पाठवापाठवी चालली, मग पैसे मिळाले. ज्याला कायदा माहीत नाही तो गप्प बसतो. याच कायद्यात कलम ३० आहे, की लोकांमध्ये जागृती करणं आणि या आजारांबद्दलची लाज कमी करणं हे सरकारचं काम आहे, टीव्ही, रेडिओ, पेपर सगळीकडून. पोलिओचे दोन थेंब घराघरात पोचवणाऱ्या सरकारला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळी तो नव्हता. आज आहे तर तो ठाणे स्टेशनच्या प्रत्येक जिन्यावर, टीएमटीच्या आणि एनएमएमटीच्या प्रत्येक बसमध्ये, कॉलेजच्या गेटवर दिसू दे ना.

ज्या घरात आत्ता असं काही चाललंय आणि हे पत्र कोणी मोबाइलवर वाचत असेल त्यांनाही दोन शब्द. भरती म्हणजे जन्मठेप नाही, स्वतःच्या इच्छेने भरती झालेला पेशंट कायद्याने घरी जायला मागू शकतो. भूल दिल्याशिवाय शॉक देणं या कायद्याने बंद आहे. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही (काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्या डॉक्टर मोजून देतात). कोणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला तर कलम ११५ प्रमाणे तो माणूस प्रचंड तणावात होता असंच धरलं जातं, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. आणि जेवढे दिवस आवाज, संशय तसेच अंगावर काढाल तेवढं नंतर सावरायला जड जातं, हे आम्ही भोगलंय.

साहेब, ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं आहे. राज्यात अशी चार जुनी, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. म्हणजे मनाच्या आजारावर उपचार मिळण्यासाठी महाराष्ट्रात ज्या गावाचं नाव आदराने घ्यायला हवं त्याच गावाच्या नावाची शिवी झालीय. तुम्ही एकदा विधानसभेत उभं राहून सांगा की हे वाक्य सभागृहात कोणी कोणाला उद्देशून वापरायचं नाही. आणि तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या घरात कोणी या गोळ्या घेत असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर तेही सांगा. काकूंनी जिन्यात जे केलं ते तुम्ही माइकवरून करा.

भाऊ आता तुर्भ्याला एका गोडाऊनमध्ये स्टॉक लिहायचं काम करतो, दिवसपाळी. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, मित्र दोनच उरलेत. हे पत्र टाकायच्या आधी त्याला वाचायला दिलं, त्याने हो म्हटलं नसतं तर मी टाकलं नसतं. केळ्याचं काढू का विचारलं तर म्हणाला राहू दे. मग परत पत्राच्या सुरुवातीला जाऊन वाचलं आणि म्हणाला, "अडीच वर्षं नाही ताई, दोन वर्षं आठ महिने."

आपली,
एका पेशंटची बहीण
कळवा, ठाणे