जूनमधली शाल

डॅन्यूब नदीवरून,
बुधवार, पहाटे पावणेपाच

चि. बबड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. फोन केला तर बाबा ऐकतील, केबिन आपल्या बेडरूमच्या निम्मी आहे. म्हणून वर लाउंजमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी बसून बोटीच्याच कागदावर लिहितेय. झालं की पानांचे फोटो पाठवीन. या वेळेला वायफाय बरं चालतं. रात्री जेवणं उरकली की अख्खी बोट एकदम फोटो पाठवायला बसते, मग साधं 'पोचलो' सुद्धा जात नाही.

तर, मला कळलंय.

सोमवारी रात्री ११.५२ ला खात्यातून ३०,००० गेले. माझं कार्ड वापरलंस ते बरोबरच केलंस, त्यासाठीच ठेवून आले होते. पण चौतीस वर्षं बँकेत काढलेली बाई डेबिटचा मेसेज न वाचता झोपेल, असं वाटलंच कसं तुला? ओटीपी यावेत म्हणून माझं सिम रोमिंगवर चालू ठेव, हे तूच बजावलं होतंस. मेसेजमध्ये हॉस्पिटलचं नाव होतं. मी वाचला तेव्हा इथे दहा वाजून गेले होते, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे दीड-पावणेदोन. बोटांवर साडेतीन तास मोजत बाथरूमच्या दारात उभी राहिले. फोन करावा तर तू झोपलेला असशील. झोपलेला नसशील तर त्याहून वाईट.

आणि सकाळी तुझा मेसेज: 'ऑल गुड, एन्जॉय', पुढे अंगठा. सोबत आजीचा फोटो. कवळी घालून छान हसतेय, आणि गळ्यापर्यंत शाल. डोंबिवलीत, जून महिन्यात, शाल! फोटो मोठा करून बघितला. मागची भिंत हिरवी. आपल्या घरात हिरवी भिंत कुठे आहे रे? आणि उजव्या बाजूला शालीखालून प्लास्टरची पांढरी कड बाहेर आलेली.

मग ताईला धरलं. तिच्यावर चिडू नकोस. कॅश टॅली होईपर्यंत मी कुणाला घरी सोडत नसे, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तिसऱ्या मेसेजला तिने सगळं सांगितलं. बाथरूम, मनगटाचं हाड, एक रात्र देखरेखीखाली, मंगळवारी दुपारी घरी. आजीनेच तुला शपथ घातली हेही सांगितलं. दोघं मिळून केलेला बेत, तुमची नेहमीची पद्धत.

एक सांगू? एवढं सगळं तू एकट्याने निभावलंस याचा मला किती अभिमान वाटला, ते समोर असतास तर बोलता आलं नसतं. रक्ताचा थेंब बघून चक्कर येणारा मुलगा तू. ताई म्हणाली, रात्रभर खुर्चीवर बसून होतास आणि सकाळी आजीची वेणीसुद्धा घातलीस. वेणी! कुणी शिकवली तुला?

पण मला सांगायला हवं होतंस.

हे एकदाच लिहून पुढे जायचं ठरवलंय. बघू जमतं का.

काल ज्या गावाला बोट लागली त्याचं नाव ड्युर्नस्टाइन. इथे वर टेकडीवर पडका किल्ला आहे. ११९२ साली, थंडीच्या दिवसांत, इंग्लंडच्या रिचर्ड राजाला तिथे कोंडून ठेवलं होतं. त्याच्या माणसांना तो कुठे आहे हेच कळेना. मग म्हणे त्याचा एक गवई किल्ल्याकिल्ल्याखाली गाणं म्हणत हिंडला, आणि आतून राजाने पुढची ओळ म्हटली तेव्हा पत्ता लागला. दंतकथा आहे, गाइडनेच तसं सांगितलं. सगळे हसले. मी मनात म्हटलं, बरंय, मला निदान बँकेचा मेसेज तरी येतो.

बघ, आलेच फिरून तिथे.

काल संध्याकाळी 'तुमचं नेटवर्क जातंय' म्हणून फोन ठेवलास. नेटवर्क खरंच जातं, नाही म्हणत नाही. बोट लॉकमध्ये, म्हणजे तिला खालच्या पातळीला उतरवणाऱ्या दारांच्या हौदात, शिरली की दोन्ही बाजूंना ओल्या काँक्रीटच्या भिंती वर चढत जातात (खरं तर आपण खाली उतरत असतो) आणि फोनवरच्या रेघा एकेक करून नाहीशा होतात. बोटीत बसलो त्या पासाउपासून इथवर अशी सात लॉक झाली. बाबा प्रत्येकाला डेकवर हजर, रात्री दोनला असलं तरी. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस, त्यांना इथे देऊळ सापडलंय. पंप नाही, काही नाही, नुसती झडप उघडायची आणि पाणी आपोआप खालच्या पातळीला येतं, हे मला चार वेळा सांगून झालं. पण काल तुझा फोन आला तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली होती आणि फोनला पूर्ण रेंज होती, बबड्या. शेजारी दुसरी बोट इतकी चिकटून उभी होती की आमच्या खिडकीतून तिच्यातल्या बाई सूप पिताना दिसत होत्या. नेटवर्कच्या नावावर खपवू नकोस.

आता हे मी आजवर तुला सांगितलेलं नाही. १९९० साली मी नाशिकच्या शाखेत होते आणि आमच्या खात्यांतर्गत परीक्षेचे पेपर चालू होते. मिरजेला अण्णांना अर्धांगाचा झटका आला. दादाने ठरवलं, हिला कळवायचं नाही, पेपर बिघडतील. अठराव्या दिवशी कळवलं. शाखेत फोन होता, एसटीडीची सोय होती, मॅनेजर देवमाणूस होते. मी रात्रीच्या एसटीने गेले. अण्णा खाटेवर, तोंड एका बाजूला वाकलेलं, आणि पहिलं वाक्य काय, तर 'पेपर कसे गेले?' मला ते दोनदा विचारावं लागलं, शब्द कळेनात. पास झाले मी. नंतर अण्णा अकरा वर्षं होते, चांगले काठी टेकत फिरायचे, तू त्यांच्या मांडीवर खेळलायस. पण ते अठरा दिवस मी कँटीनमध्ये मिसळ खात होते, हसत होते, एका रविवारी सिनेमालाही गेले होते. त्या सिनेमाचा मला अजून राग येतो. सिनेमाचा काय दोष!

म्हणून म्हणते. प्रवास बिघडेल म्हणून गप्प बसू नका. न सांगितल्यानेही बिघडतो, फक्त उशिरा.

आता कामाचं. मेडिक्लेमची निळी फाइल माझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात. आजीचं नाव त्यात आहे. दाखल केल्याचं त्यांना लगेच कळवायचं असतं, कळवलं नसशील तर आज पहिलं काम ते. डिस्चार्जचा कागद, एक्स-रे, औषधांची पक्की बिलं, सगळ्याचे फोटो काढून ठेव. बाथरूममध्ये रबरी पायपुसणं घाल, ते गुळगुळीत नको, मी जानेवारीपासून सांगतेय. रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेव. बिलाचा विचार करू नकोस. आणि त्या खुर्चीवर रात्रभर बसून तुझी पाठ

बरं, पुरे. तुला हे सगळं कळतं. तीस वर्षांच्या माणसाला मी पायपुसणं सांगतेय. माफ कर. चार हजार मैलांवर बसलं की हात काहीतरी करायला बघतात, आणि माझ्या हाताशी फक्त सूचना आहेत.

एवढं मात्र ठरवू या. रोज तुझ्या सकाळी नऊला मला एक मेसेज, आमचे साडेपाच असतात, मी जागीच असते. 'ऑल गुड' नको. आजीने काय खाल्लं, बोटं सुजलीत का, ती हलवते का, एवढंच. तातडीचं असेल तर बोटीचा नंबर फ्रीजवर गणपतीच्या चुंबकाखाली आहे, केबिन २१४. रात्री कितीही वाजता. रिसेप्शनवर कुणीतरी असतंच.

आता खरी अडचण. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

हस. हसायचाच मुद्दा आहे. तुला तीन पानं व्याख्यान झोडलं आणि मी स्वतः दीड दिवस तोंड शिवून बसलेय. कळलं की ते आज व्हिएन्नाला उतरून पहिल्या विमानाचं तिकीट बघतील, मला माहीत आहे. साठीचा प्रवास, चार वर्षं पैसे बाजूला टाकले. काल रात्री म्हणाले, 'आई आज बोलली नाही, लवकर झोपली वाटतं.' मी हो म्हटलं. तोंड पाण्याकडे करून म्हटलं.

तुला माहीत आहे ना, ते रोज आजीला आकडा सांगतात? काठावर दर किलोमीटरला पाट्या आहेत. ही नदी मुखापासून उलटी मोजतात, काळ्या समुद्रापाशी शून्य. पासाउला २२२५ च्या आसपास होतो, तेव्हापासून आकडा उतरतोय. आजी विचारते, 'आज किती राहिलं रे?' जसं काही आम्ही समुद्रापर्यंत जाणार आहोत. आम्ही बुडापेस्टलाच उतरणार, तिथे अजून सोळाशेच्या वर उरलेले असतील, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. हेही एक लपवणंच म्हणायचं.

आज पहाटे २००० ची पाटी येणार, इथून खाली क्रेम्स गेलं की. बाबांनी गजर लावून ठेवलाय, वही-पेन उशाशी. बोट नुकतीच हलली. जिन्यावर त्यांच्या चपला वाजतायत.

पाटी बघू दे त्यांना. मग सांगते. नक्की. नऊ वाजता त्यांचा फोन येईल, तेव्हा नेटवर्कचं कारण सांगू नकोस, आणि आजीची शाल काढून ठेव.

आंघोळीच्या वेळी प्लास्टरला दुधाची पिशवी नको, ती गळते. पिठाच्या गिरणीतून आणलेली जाड पिशवी बांध, वर रबरबँड दोन.

तुझी,
आई